मातेला उपदेश नको, उसंत हवी

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर स्तनपानाची महती झळकते. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्या, सहा महिने पाण्याचा थेंबही देऊ नका, असे मातांना बजावले जाते. यातील अक्षर न् अक्षर शास्त्रसिद्ध आहे. खोटी आहे ती त्यामागची समजूत. जणू मातांच्या अज्ञानामुळेच बालके या दुधाला मुकतात!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली. तासाभरात स्तनपान मिळालेली मुले मात्र अवघी ४१.८ टक्के. त्या पहिल्या तासात बहुसंख्य माता दवाखान्याच्याच स्वाधीन होत्या. मग अज्ञान कोणाचे?

पुढील सहा महिन्यांची कथा तर याहून कठोर आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो जोडपी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. अंगावर मुकादमाची उचल, आणि खाडा पडला की दंड. बाळंतीण मोळ्या वाहते, तान्हे बांधावर झोळीत रडते. बाळाला दर दोन-तीन तासांनी जवळ घ्या, असे तिला सांगणाऱ्यांनी मुकादमाला तसे कधी सांगितले आहे काय?

कायदा आहे, परंतु तो तिच्यासाठी नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ साली सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे कायम ठेवले. पण ऊसतोडणी कामगाराला मालकच नाही! कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. शिवाय रजेच्या पगाराचा सारा भार मालकावर टाकल्याने तरुण स्त्रीला कामावर घेणेच टाळण्याचे निमित्त त्याला मिळते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे प्रतिपादन केले होते. शतक सरत आले, तरी राज्यकर्त्यांना ते पटलेले नाही.

उलट, संसदेने दिलेलेही कापले जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना किमान सहा हजार रुपये देऊ केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ते पहिल्या अपत्यापुरते आणि पाच हजारांवर आणले. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठी सहा हजार मिळतात, पण ते अपत्य मुलगी असेल तरच. दुसरा मुलगा झाला, तर त्याची आई स्तनदा नव्हे काय?

स्तनपानाचा आग्रह म्हणजे स्त्रीला पुन्हा चुलीशी बांधणे, असा आक्षेप काही पुरोगामी घेतात. उसंत न देता केलेला आग्रह तसा असतोच. ज्या मातेला दूध येत नाही, तिला अपराधी ठरविणे हेही क्रौर्यच. पण पगारी रजा आणि कामाजवळचे पाळणाघर स्त्रीला बांधीत नाहीत; मूल की मजुरी या सक्तीच्या निवडीतून ते तिला सोडवितात.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. असंघटित स्त्रियांना सार्वजनिक निधीतून सव्वीस आठवड्यांची मजुरी मिळावी आणि त्या निधीत साखर कारखान्यांचा वाटा असावा; प्रत्येक तोडणी तळावर पाळणाघर असावे; प्रत्येक बाळंतपणाला कायद्यातील पूर्ण रक्कम मिळावी. गाळप हंगामाच्या तोंडावर कार्यकर्त्यांनी हे प्रश्न घेऊन कारखान्यांच्या दारात उभे राहिले पाहिजे. दुधाची महती मातांना ठाऊक आहे; ती आता सत्तेला आणि साखरसम्राटांना ऐकवायची आहे.