सेफिक्सिम म्हणजे ‘जास्त पॉवरची’ गोळी नव्हे

सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जगातील देशांनी एक उद्दिष्ट मान्य केले. २०३० पर्यंत माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी किमान ७० टक्के औषधे ‘अ‍ॅक्सेस’ गटातील असावीत, असे हे उद्दिष्ट आहे. भारताच्या खासगी क्षेत्रातील २०१९ च्या वापराचा अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आला. त्यात हा वाटा २७ टक्के होता, तर ‘वॉच’ गटाचा सुमारे ५५ टक्के. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये अझिथ्रोमायसिननंतर सेफिक्सिम २०० चा क्रमांक होता.

हे गट कसले?

जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत. नेहमीच्या संसर्गात आधी वापरायची ती ‘अ‍ॅक्सेस’, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन. जपून वापरायची ती ‘वॉच’: सेफिक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन, मेरोपेनेम. अगदी शेवटी हाती घ्यायची ती ‘रिझर्व्ह’, जसे कोलिस्टिन.

औषध काम कसे करते?

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम ही एकाच घराण्यातील औषधे आहेत. तिन्हींच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाची चौकोनी कडी असते. जिवाणू आपल्याभोवती भिंत बांधतो आणि तिचे धागे एकमेकांत गुंफणारी काही एन्झाइम्स त्याच्याकडे असतात. ही कडी त्या एन्झाइमला घट्ट चिकटते, भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते, म्हणून ॲलर्जी नसलेल्यांना ही औषधे बऱ्यापैकी सुरक्षित असतात. विषाणूलाही अशी भिंत नसते. म्हणूनच साध्या सर्दीत किंवा फ्लूत त्यांचा उपयोग शून्य.

‘तिसरी पिढी’ म्हणजे वरचढ?

“डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या,” हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते. पण सेफॅलोस्पोरिनची पिढी बदलते तेव्हा मुख्यतः कोणत्या जिवाणूंवर ते चालते हे बदलते. त्वचेवरच्या गळवांना अनेकदा स्टॅफिलोकोकस जिवाणू कारण असतो. तिसऱ्या पिढीतील सेफिक्सिम त्याच्यावर जवळपास निरुपयोगी आहे. पहिल्या पिढीतील सेफॅलेक्सिन बऱ्याचदा चालते. घसा दुखवणारा ‘ग्रुप ए’ स्ट्रेप्टोकोकस तर ऐंशी वर्षांच्या वापरानंतरही पेनिसिलिनला दाद देतो. तिथे सेफिक्सिम देऊन काहीच जास्त मिळत नाही.

नुकसान कुठे होते?

औषध आतड्यातल्या जिवाणूंपर्यंतही पोहोचते. तिथे बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम बनवणारे जिवाणू टिकतात आणि वाढतात, कारण हे एन्झाइम औषधाची कडीच तोडते. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड देतात ते यातल्या काही एन्झाइम्सना अडवण्यासाठी. ‘ईएसबीएल’ एन्झाइम्स तिसऱ्या पिढीची औषधेही निकामी करतात, आणि ‘एनडीएम’ कार्बापेनेमनासुद्धा. मग लघवीच्या साध्या संसर्गासाठीही शिरेतून इंजेक्शन द्यावे लागू शकते, आणि नवजात बाळाच्या सेप्सिसमध्ये डॉक्टरांकडे एखाद-दुसराच पर्याय उरतो.

नियम आहेत, मग अडते कुठे?

सेफिक्सिम १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदाराने रुग्ण व डॉक्टर यांची नोंद तीन वर्षे ठेवायची. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा असे कळवले. तरीही ‘मागच्या वेळची गोळी’ काउंटरवर मिळते. लघवीच्या कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, लहान गावात ती सोय नसते, आणि रुग्णाला आजच बरे व्हायचे असते. त्या घाईत डॉक्टर सगळ्यावर चालेल असे औषध लिहितो. अमॉक्सिसिलिन स्वस्त आहे, तेव्हा अडचण पैशांची कमी आणि सवयीची जास्त आहे.

तुम्ही काय करू शकता?

- “हा संसर्ग जिवाणूंचा आहे का?” असे विचारा. ‘औषध नको’ हेही उत्तर असू शकते.
- अमॉक्सिसिलिन शरीरातून लवकर बाहेर पडते. म्हणून सांगितलेले तास पाळा.
- उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका.
- पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास जरूर सांगा, आणि नेमके काय झाले होते तेही सांगा. ॲलर्जी समजणाऱ्या बहुतेकांना तपासणीत ती आढळत नाही.
- धाप, गुंगी, लघवी कमी होणे किंवा तान्ह्या बाळाचे दूध सुटणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.

७० टक्क्यांचे उद्दिष्ट दिल्लीत किंवा जिनिव्हात पूर्ण होणार नाही. ते प्रत्येक चिठ्ठीवर आणि औषधाच्या दुकानात ठरेल.