वळवाच्या वाऱ्यात चाकांचे घर

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून चाकांवरच्या घराला राज्यात सरकारी कागदावर जागा मिळाली आहे. आणि पुणे-बंगळूर महामार्ग ज्याच्या अंगावरून जातो व पन्हाळा, जोतिबा, राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा ही सारी ठिकाणे ज्याच्या पोटात आहेत, त्या कोल्हापूर जिल्ह्यात ही घरे मुक्कामाला येत राहणार, हे वेगळे सांगायला नको. अशा घरांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकाला स्वतःचे इंजिन असते, तर दुसरे, म्हणजे ट्रेलर, मोटारीमागे जोडून ओढत न्यावे लागते आणि मुक्कामी मोटार सोडवली की निव्वळ चार भिंती, छत आणि चाके एवढेच उभे राहते. या सदरात विचार करायचा आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा, आणि त्याच्याच जातकुळीतल्या, शहरात आधीपासून ठिकठिकाणी उभ्या असणाऱ्या खाद्यपदार्थांच्या बंद गाड्यांचा. कारण उभी असताना या दोहोंना सर्वांत मोठा धोका असतो तो वाऱ्याचा.

चक्रीवादळ म्हटले की कोल्हापूरकर ते कोकणच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ताशी ११८ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे सलग वारे वाहू लागले की चक्रीवादळाला ‘अतितीव्र’ म्हटले जाते, आणि असे वादळ सह्याद्री ओलांडून करवीरच्या वेशीपर्यंत तेवढ्याच जोमाने येत नाही, हे खरेच आहे. मात्र इमारतींवरील वाऱ्याच्या भाराची जी भारतीय संहिता आहे, त्या आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात (२०१५ ची आवृत्ती) प्रत्येक प्रदेशासाठी वाऱ्याचा एक मूलभूत वेग दिलेला असतो. मोकळ्या मैदानात दहा मीटर उंचीवर तीन सेकंदांच्या झोतात, सरासरी पन्नास वर्षांतून एकदा गाठला जाईल असा तो वेग असून कोल्हापूरच्या उत्तरेकडील पुण्यासाठी आणि दक्षिणेकडील पणजीसाठी तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर एवढा धरलेला आहे. सलग वाहणारा वारा आणि क्षणभराचा झोत यांत फरक आहे आणि जमिनीलगत वारा काहीसा मंदावतो, हे दोन्ही मान्य केले, तरी गाडी उलटायला तासभर वारा लागत नाही. काही क्षणांचा झोत पुरतो.

हा झोत कोल्हापुरात आणतो तो वळीव. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापून वर जाणारी हवा समुद्राकडून आलेल्या बाष्पाला घेऊन दुपारनंतर उंच ढग उभे करते, त्या ढगातून पडू लागलेला पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत काही अंशी वाफ होऊन ती हवा थंड व जड करतो, आणि ही जड हवा खाली कोसळून जमिनीवर आदळली की चहूबाजूंना पसरते. पावसाचा पहिला थेंब पडण्याआधी धुळीचा जो लोट अंगावर येतो, तो या पसरणाऱ्या हवेचा पुढचा काठ. वाऱ्याचा वेग एकाएकी ताशी किमान २९ किलोमीटरने वाढून ४० किंवा त्यापुढे गेला आणि निदान मिनिटभर टिकला की हवामानशास्त्र त्याला चंडवात म्हणते. वळवातले काही चंडवात या उंबरठ्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाचे असतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ माणसे दगावली, तेव्हा समुद्रात कोणतेही चक्रीवादळ नव्हते. तो मोसमी पावसाआधीच्या वादळी ढगाचाच वारा होता.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे एकदा ध्यानात घेतले की बाकीचा हिशेब सोपा आहे. वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटन या एककात मिळतो. सहा मीटर लांब, अडीच मीटर उंच बाजू असलेल्या, दीड टन वजनाच्या ट्रेलरच्या या पंधरा चौरस मीटर भिंतीवर ताशी ६० किलोमीटरचा वारा जेमतेम अडीचशे किलोचा जोर लावतो, आणि ताशी ११८ किलोमीटरचा वारा जवळपास एक टनाचा. हा जोर जमिनीपासून सुमारे पावणेदोन मीटर उंचीवर एकवटतो असे धरले, तर गाडी कलंडवणारा भार १,७५० किलोग्रॅम-मीटर होतो. याउलट चाकांमधले अंतर दोन मीटर असलेल्या गाडीचे स्वतःचे वजन तिला १,५०० किलोग्रॅम-मीटर एवढेच सावरू शकते. छतावरून वाहणारा वारा वर ओढतो, खालून शिरलेला उचलतो, ते वेगळेच. दीड टनाची गाडी वाऱ्याने कशी जाईल, असे विचारणारा माणूस वजनाकडे पाहत असतो. तेवढ्याच किंवा कमी वजनाची उसाची रिकामी ट्रॉली वळवात जागची हलत नाही, याचे कारण तिचा सांगाडा उघडा असतो व वारा त्यातून निघून जातो. ट्रेलरला मात्र भिंती असतात.

अशा वेळी जे उपाय सर्रास केले जातात, ते बहुतेक उलटे पडतात. पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवण्याची रीत जिल्ह्यातल्या गोठ्यांपासून टपऱ्यांपर्यंत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात पत्रा सुटतो तो बहुधा जे-हुकाच्या वायसरभोवती गंजून मोठ्या झालेल्या भोकातून; एक भोक फाटले की शेजारच्या हुकावर जादा ओढ येते, मग त्याच्या शेजारच्यावर, आणि अखेर पत्रा व दगड दोन्ही शेजाऱ्याच्या अंगणात सापडतात. ट्रेलरवर ताडपत्री टाकून दोरीने आवळणे हा असाच दुसरा घरगुती उपाय आहे. ताडपत्री पाऊस अडवते यात शंका नाही, पण कुठे थोडी सैल राहिली तरी तिच्यात वारा भरतो, आणि ती गाडीला धरून ठेवण्याऐवजी शिडासारखी ओढू लागते. गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छत तर सर्वांत आधी मिटवायला हवे. खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणजे वारा आरपार जाऊन गाडी वाचते, हा समजही घातक आहे. वाऱ्याकडची खिडकी उघडी असली की आतला दाब वाढतो आणि छताला बाहेरून ओढ व आतून रेटा असे दोन्ही सोसावे लागते. गाडी समपातळीत उभी राहावी म्हणून चारी कोपऱ्यांना लावतात ते जॅक वजन पेलण्यासाठी असतात, उचलली जाणारी गाडी खाली खेचून धरण्यासाठी नसतात, हेही अनेकांना उमगत नाही.

खरा उपाय एकच आहे: गाडी जमिनीला बांधणे. ही विद्या मराठी मुलखाला नवी नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली तेव्हापासून सर्कशीचे, तमाशाचे आणि टुरिंग टॉकीजचे तंबू या भागाने पाहिले आहेत, आणि तंबूवाल्याला तणावा, म्हणजे तंबूच्या खांबापासून तिरपा खाली आणून ताणलेला दोर, किती कोनात घ्यावा आणि मेख ओढीच्या विरुद्ध अंगाला कलती कशी ठोकावी, हे शिकवावे लागत नाही. वारा फारच वाढला तर तंबूवाला कापड उतरवून ठेवू शकतो. ट्रेलरवाल्याला ती सोय नाही, म्हणून त्याची मेख अधिक भक्कम हवी. मातीचा प्रश्न येतो तो इथे. पन्हाळ्याच्या जांभ्यात भोक पाडून पक्की बसवलेली मेख हलणार नाही. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचे मात्र तसे नाही. मे महिन्यात ती भेगाळून कडक झालेली असते, तिच्यात मेख घणाने ठोकताना हाताला छान पक्की लागते, आणि एकदा पाऊस मुरला की तीच माती फुगून मऊ होते व मेखेची पकड सोडते. अशा जमिनीत साठ सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा काँक्रीटचा ठोकळा पुरून त्यात लोखंडी कडी बसवणे हाच भरवशाचा मार्ग आहे. असा एक ठोकळा सुमारे अर्ध्या टनाचा होतो. चारी कोपऱ्यांना चार ठोकळे असले, तर वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूचे दोन मिळून सुमारे २,००० किलोग्रॅम-मीटरचा आधार वाढवतात. म्हणजे मघाचे १,५०० धरून गाडीचे बळ ३,५०० वर जाते, आणि ताशी १४० किलोमीटरच्या झोतालाही ते पुरून उरते. गाडीचा घाट आणि छतावरची ओढ विचारात घेऊन नेमका आकडा अभियंत्याने काढावा. कडीपासून गाडीपर्यंत मालट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा किंवा ऊसवाहतुकीतली साखळी चालते. ती चासीलाच अडकवावी, पत्र्याच्या अंगाला नव्हे. पाण्याची टाकी खाली बसवलेली असेल तर ती भरून ठेवावी, गॅसची टाकी बंद करावी, चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, आणि एवढे करूनही वादळात माणसाने त्या गाडीत थांबू नये.

कोकणच्या किनाऱ्यावर मामला निराळा आहे, आणि एका अर्थाने सोपा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपत गुजरातेत गेले. दोन्ही वेळा इशारा आधीपासून मिळत होता. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याला उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाने अशा वेळी बांधाबांध करत बसण्याऐवजी घाटात झाडे पडायच्या आत गाडी जोडून वर यावे. अमेरिकेत ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातील फिरत्या घरांच्या वसाहती भुईसपाट केल्या, त्यानंतर कारखान्यात बनणाऱ्या घरांचे वाऱ्याविषयीचे नियम १९९४ मध्ये कडक झाले, तरीही तिथे वादळ येणार म्हटले की अशा घरांतल्या लोकांना आधी बाहेर काढतात. चाके असलेल्या घराचा पहिला बचाव चाकेच. वळवासमोर मात्र तीही कुचकामी ठरतात, कारण हवामान विभागाचा तात्कालिक अंदाज हा पुढच्या तीनेक तासांचा असतो, तो जिल्ह्यासाठी असतो, नेमक्या माळासाठी नसतो, आणि ढग दिसल्यावर हाती उरतो तो जेमतेम अर्धा तास.

म्हणूनच ही जबाबदारी एकट्या गाडीवाल्यावर टाकून भागणार नाही. दोन रात्रींसाठी आलेला पाहुणा काँक्रीटचे ठोकळे सोबत आणत नाही. गाडीतळ बांधणाऱ्याने, मग ती महापालिका असो, नगरपरिषद असो की स्वतःच्या रानात चार गाड्यांची सोय करणारा शेतकरी, पाणी, वीज व शौचालय यांच्याबरोबर प्रत्येक गाडीमागे चार कड्या जमिनीत बसवल्याच पाहिजेत, आणि जागा झाडाखाली किंवा जाहिरात फलकाच्या पडण्याच्या अंतरात देता कामा नये. खाद्यगाड्यांना परवाना देतानाही हीच अट घालता येईल. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या देशभर सुटे भाग पाठवतात. त्यांच्या शहराला चार कड्यांचे ओझे वाटावे, हे पटण्यासारखे नाही.

कडी मात्र सुटणारी हवी, आणि ही अट खास कोल्हापूरची आहे. वळवाचा हंगाम सरतो न सरतो तोच पंचगंगा चढू लागते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असते, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी या दोन्ही खुणांच्या कितीतरी वर गेले. मे महिन्यात जी साखळी गाडीला वाचवते, तीच जुलैत गंजून अडकली तर गाडीला पाण्यात बुडवते. त्यामुळे पूररेषेच्या आत गाडीतळ असूच नये. जिथे तो आधीच आहे, तिथे जून उजाडताच साखळ्या सोडून, कड्यांना ग्रीस लावून गाड्या उंचावर हलवायचे वेळापत्रक लिहून लावलेले असावे. वादळ, गारपीट व पूर यांची भरपाई वाहन विम्यात मिळते ती स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण घेतले असेल तरच, निव्वळ तृतीय पक्षाच्या विम्यात नाही. आणि ट्रेलर, तसेच आतले पलंग, शेगडी, शीतकपाट हे पॉलिसीत वेगळे नोंदवले आहेत की नाहीत, ते मार्च संपायच्या आत पाहून घ्यावे.