दिवे पाहावेत, दिव्यांमागची माणसेही पाहावीत

डिसेंबर लागला की आमच्या बुटीबोरीत दोन तऱ्हेचे दिवे दिसतात. एक कारखान्यांचे. ते बारा महिने तेवतात, कारण रातपाळीला सण नसतो. दुसरे घराघरांवरचे. कुणाच्या दारात कागदी चांदणी लटकते, तर कुणाच्या गॅलरीत रंगीत माळ लुकलुकते. नागपूर शहरात सदर भागात तर नाताळात चर्चच्या इमारती अशा उजळतात की, पोरे पाहतच राहतात.

औद्योगिक वसाहतीमुळे आमच्या गावात पोटासाठी आलेली मंडळी नाना प्रांतांची. एका ओळीच्या दहा खोल्यांत चार-पाच भाषा ऐकू येतात. साहजिकच हिवाळा इथे प्रत्येकाच्या दारी वेगळ्या वेषात येतो. परवा महिला मंडळाच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, "दादा, शेजारचे ख्रिस्ती कुटुंब पोरांना नाताळला बोलावते आहे. रोषणाई दाखवायला शहरातही नेतो म्हणतात. सासूबाई म्हणतात, आपण बौद्ध, आपल्याला काय करायचे? सांगा, पाठवू की नको?"

प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही. पुष्कळ घरांत तो कुजबुजत विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर आम्ही इथे चारचौघांत देत आहोत.

आधी हिवाळ्यातच एवढे दिवे का, ते पाहू. २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो. नागपुरात तो सुमारे १० तास ५० मिनिटांचा भरतो. लंडनमध्ये तोच दिवस आठ तासांचाही नसतो आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला तर सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही. अशा मुलखातल्या माणसाला दिव्याचे केवढे अप्रूप असेल! स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून निघतात. येशूच्या जन्माची तारीख बायबलात दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस पाळल्याची नोंद रोममध्ये चौथ्या शतकात सापडते. दाराची चांदणी मात्र बायबलातल्या कथेतली. पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना बाळाकडे नेणारा तो तारा.

आपल्या संक्रांतीचेही तसेच. सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास. संक्रांत मात्र नक्षत्रांवरून मोजतात, म्हणून ती १४-१५ जानेवारीला येते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे अंतर पडत गेले. हे मुलांना सांगितले तर तिळगुळाबरोबर खगोलशास्त्राचा एक धडाही पोटात जाईल.

आता आपल्याच ओळीतल्या खोल्यांकडे वळू. बिहारची मंडळी दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ करतात. मावळत्या आणि दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला पाण्यात उभे राहून अर्घ्य देतात, ठेकुआ वाटतात. पंजाबी घरात १३ जानेवारीला लोहडीची शेकोटी पेटते, त्यात रेवड्या नि शेंगदाणे पडतात. तमिळ घरात पोंगलला नवा तांदूळ शिजतो आणि दूध उतू गेले की सगळे आनंदाने ओरडतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ज्यूंचा हनुक्का हा आठ दिवस दिवे लावण्याचा सण. तो त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता, बाहेरच्या ज्यूंशी ओळख झाल्यावर आला, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे माणूस सणसुद्धा शिकतो, तो रक्तातून येत नाही.

बौद्ध जगातही हिवाळा कोरडा नाही. जपानमध्ये ८ डिसेंबर हा तथागतांच्या संबोधीचा दिवस मानतात. श्रीलंकेत डिसेंबरच्या पौर्णिमेला संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची फांदी आणल्याचे स्मरण करतात. लडाखमध्ये आचार्य चोंखापांच्या स्मरणार्थ गाल्दन नामचोट असतो. त्या रात्री गोंपांवर आणि घरांच्या गच्च्यांवर दिव्यांच्या रांगा लागतात. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? शेजारच्याचा सण कळत नाही, याची खंत आपण करतो. पण आपल्याच धम्मबांधवांचे सण तरी कुठे कळतात?

आणि आपला स्वतःचा हिवाळा? ६ डिसेंबरची मेणबत्ती डोळ्यांत पाणी आणते. २५ डिसेंबरला जगात नाताळ असतो. त्याच तारखेला १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृतीचे दहन केले. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. मुलांनी केक अवश्य खावा, पण त्याच संध्याकाळी घरी महाडची हकीकतही ऐकावी. दोन्ही एका दिवसात मावतात.

बुटीबोरीचा एक जुना धागाही सांगण्याजोगा आहे. स्कॉटलंडहून नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथे शाळा काढल्या, दगडधोंड्यांचा आणि आदिवासींच्या भाषांचा अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी आपल्या शेजारच्या टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून, बोरीची शाळा तपासून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज (स्थापना १८८३) त्यांच्याच नावाचे. धर्म त्यांचा वेगळा होता, तरी या मातीतली माणसे जाणून घ्यायची त्यांची ओढ खरी होती. शेजाऱ्याला ओळखण्यासाठी आपल्याला तर फक्त एक भिंत ओलांडायची आहे.

आता सासूबाईंच्या शंकेकडे येऊ. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांचे सण पाहिले ते लांबून, वेशीबाहेर उभे राहून. पंगत उठल्यावर जे हाती पडेल ते घेऊन. तो अपमान ज्यांनी सोसला, त्यांना परक्या सणाची धास्ती वाटणारच. परंतु फरक ध्यानात घ्या. आज आपले मूल आमंत्रणावरून, पुढच्या दारातून, खुर्चीवर बसायला जात आहे. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला पूजाअर्चेपासून सोडवले, शेजारधर्मापासून नव्हे. समता मानण्याची प्रतिज्ञाही त्यांतच आहे. पाहणे वेगळे, पुजणे वेगळे, हे सहा वर्षांच्या पोरालाही नीट सांगितले तर समजते. न सांगता कोंडून ठेवलेले मूल मात्र एक दिवस चोरून जाईल आणि काहीच न समजता परत येईल.

तेव्हा ताई, पाठवाच, आणि जमल्यास स्वतःही जा. खापरीहून मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतरले की सदर जवळच आहे. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर गप्प बसावे, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. लहानग्यांना स्वेटर-मफलर घाला, परतीची वेळ आधी ठरवा. चार प्रश्न विचारायला मुलांना शिकवा: ही चांदणी कशाची? गव्हाणीत बाळ का ठेवले? तुमच्या गावी काय करता? आज तुमच्या घरचे कुणी रातपाळीला आहे का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. लुकलुकणाऱ्या माळेची वीज कुठेतरी कोळसा जाळूनच येते, आणि तो जाळणारा कामगार त्या रात्री घरी नसतो. त्याच्या पोरांना आपल्यासोबत घेऊन गेलात तर रोषणाई खऱ्या अर्थाने पाहिली असे होईल.

एक मात्र पाहा. हौसेपायी उसनवारी करून आपल्या घरावर माळा चढवू नका. दुसऱ्याचे दिवे फुकट पाहता येतात. आणि आमंत्रण एकतर्फी ठेवू नका. बुद्धपौर्णिमेला त्याच शेजाऱ्यांना खिरीसाठी बोलवा. ते आले की त्यांची मुलेही प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे देता यावीत, एवढी तयारी आपण आजपासूनच करूया.