हुशार जोडी आणि तिचा लगाम

स्टोव्हवरून नुकत्याच उतरवलेल्या काचेच्या भांड्यावर गार पाणी पडले की ते तडकते, हे कुणाही गृहिणीला ठाऊक असते. वीजनिर्मितीच्या एका अत्यंत हुशार यंत्रजोडीचे घोडे बहुतांशी इथेच अडले आहे.

या जोडीतला पहिला भिडू इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल. इंधन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या रासायनिक क्रियेतून तो थेट वीज देतो. सिरॅमिकचा घट तर ८०० ते १००० अंश सेल्सिअसला चालतो. त्यातून निघणारे तप्त वायू वाया का दवडायचे? ते गॅस टर्बाइनवर सोडले की आणखी वीज मिळते. शिवाय टर्बाइनच्या जोरावर फिरणारा कॉम्प्रेसर घटाला दाबाखालची हवा पुरवतो. अमेरिकेत अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००० साली सीमेन्स-वेस्टिंगहाउसच्या २२० किलोवॅटच्या जोडयंत्राची चाचणी झाली. इंधनातली निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा वीज होऊन हाती आली. एवढ्याशा यंत्राला हे सोपे नव्हे.

मग अडचण कसली? किंमत तर आहेच. पण खरी अडचण आहे स्वभावांची. घटातला प्रवाह क्षणार्धात बदलतो, टर्बाइनचा वेग काही सेकंदांत, आणि सिरॅमिक मात्र आपल्या संथ चालीने तापते, निवते. विजेची मागणी अचानक घटली की ओझे उतरलेले टर्बाइन उधळते. कॉम्प्रेसर जास्त हवा ढकलतो, घट एका बाजूने गार पडू लागतो आणि तडा जाण्याची भीती उभी राहते. हवा रोखावी, तर घट अतोनात तापतो. त्यातच घटाच्या प्रशस्त पोकळीत कोंडलेला दाब चटकन ओसरत नाही. कॉम्प्रेसरचा दम जरा तुटला की हवा उलटी धावते. एक झडप फिरवावी, तर वेग, दाब आणि तापमान तिन्ही हलतात.

वेस्ट व्हर्जिनियातील मॉर्गनटाउन येथे अमेरिकी ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेने यावर नामी युक्ती काढली. तिच्या 'हायपर' यंत्रणेत टर्बाइन खरे, घट मात्र संगणकातला! घट त्या क्षणी किती उष्णता देईल, याचे गणित संगणक मांडतो आणि तेवढी उष्णता गॅसचा बर्नर देतो. महागडा घट शंभरदा 'फुटला' तरी नुकसान शून्य.

अशा कामाची फीत कापायला कुणी येत नाही. जपानमध्ये २०१५ पासून क्यूशू विद्यापीठात २५० किलोवॅटची जोडी चालवून पाहिली गेली, तेव्हा कौतुक झाले ते यंत्राचे. लगामाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पण सौर आणि पवनविजेमुळे जाळ्यावरचा भार आता पूर्वीपेक्षा चंचल झाला आहे. तेव्हा असे यंत्र दाखवायला येणाऱ्या विक्रेत्याला कार्यक्षमतेचा आकडा जरूर विचारावा. पण त्याआधी विचारावे, अर्धा भार एका झटक्यात उतरला तर तुमचा घट शाबूत राहील का, आणि हे कुठे करून पाहिले आहे?