192 चा तोरा

गाण्याची फाइल 192 किलोहर्ट्झची आहे म्हटले की शौकिनांची मान गाणे सुरू होण्याआधीच डोलू लागते. हा आकडा सेकंदाला आवाजाची किती हजार मापे घेतली ते सांगतो. सीडीत ती 44,100 असतात आणि त्यांतून 22,050 हर्ट्झच्या आतला आवाज जसाच्या तसा उभा राहतो. तरुण कानाची धाव 20,000 पर्यंत. त्यापुढचे सगळे घरातल्या मांजरासाठी.

फिल्टरचे प्रकरण वेगळे. सोलापूरच्या गणेशोत्सवातली लेझीम घ्या. धातूच्या चकत्यांच्या खळखळाटात कानापलीकडचेही ध्वनी असतात. त्यातला 30,000 हर्ट्झचा अंश आधी गाळला नाही, तर 44,100 च्या मापात तो 14,100 चे सोंग घेऊन परत येतो आणि लेझमीत कधी नव्हतीच अशी किणकिण ऐकू येते. सुरुवातीच्या काही सीडी प्लेअरमधले कडक ॲनालॉग फिल्टर कर्कशपणाबद्दल बदनाम झाले. ओव्हरसॅम्पलिंगने, म्हणजे मापांची संख्या वाढवून मग गाळण्याने, ते दुखणे बरेचसे मिटवले. स्टुडिओत 96 वर ध्वनिमुद्रण जरूर करावे, पुढच्या कामाला मोकळीक मिळते. पण ऐकणाऱ्याचे काय? मेयर आणि मोरन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सीडीचा दर्जा आणि त्याहून वरचा दर्जा कानाने ओळखण्याच्या चाचण्यांत 554 पैकी 49.8 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून एवढीच आली असती. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अनेक चाचण्यांची गोळाबेरीज केली, तेव्हा आकडा 52.3 वर गेला. फरक आहे, पण पदरमोड करण्याजोगा नाही. त्यातून ती महागडी फाइल ब्लूटूथवरून ऐकायची, म्हणजे वाटेत पुन्हा दाबून, कापूनच कानात यायची!

खरा फिल्टर आपण रस्त्यावर बसवतो. डीजेच्या भिंतीपुढे तासन् तास नाचले की कान आधी 3,000 ते 6,000 हर्ट्झच्या पट्ट्यात दगा देतो. ‘स’, ‘श’ची धार आणि लेझमीची लखलख तिथलीच. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. डीजेबंदीचा वाद सोलापूरला नवा नाही. मंडळे परंपरेकडे बोट दाखवतात, जणू लेझीम ही परंपराच नव्हे. 192 चे हेडफोन घेणाऱ्यांनी यंदा मिरवणुकीला जाताना दहा-वीस रुपयांचे इअरप्लगही घ्यावेत.