नावे ठेवलेले लाकूड

नावे ठेवायची म्हणजे किती! दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात डच वसाहतवाल्यांनी एका लाकडाचे नावच ठेवले ‘स्टिंकहाउट’, म्हणजे घाण मारणारे लाकूड. ताजे तोडले की उग्र दर्प येतो, एवढाच बिचाऱ्याचा गुन्हा. वाळल्यावर दर्प जातो आणि राहते ती काळसर तपकिरी, रेशमी झळाळी. त्याच्या जोडीला तिथलेच पिवळे लाकूड. हे मुरांब्यासारखे, जुने होईल तसे मधाच्या रंगावर जाते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तिकडून जुन्या फर्निचरची सचित्र यादी पाठवली. खेड्यापाड्यांतल्या शेतघरांतले हे सामान! बैलगाडीच्या तोंडाशी ठेवायची पेटी पाहा: आत सामान, वर गाडीवान. खुर्च्यांची बैठक चामड्याच्या वाद्यांनी विणलेली. आपली सुंभाची बाज आठवावी. यादीत प्रत्येक खुर्चीचे लाकूड, काळ, किंमत, सारे तपशीलवार. कारागिराचे नाव तेवढे नाही.

मी पडलो मराठीचा मास्तर, नावापाशीच अडलो. केपमधले कितीतरी सुतार गुलाम होते. मादागास्कर, मोझांबिक, जावा या भागांतून आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यांवरूनही माणसे तिथे विकत नेली जात. कागदोपत्री त्यांची ओळख ‘अमका बंगालचा’, ‘तमका मलबारचा’. आपणही गावावरून पुणेकर, सातारकर होतोच. पण ते आपण हौसेने मिरवतो. यांचे मूळ नाव काढून घेऊन वर गावाची चिठ्ठी डकवलेली! १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना मालकाकडेच राबावे लागले. त्या काळातली एखादी खुर्ची मलबारच्या हातची असेलही; खुर्ची काही बोलत नाही.

जंगलाचीही कथा फारशी वेगळी नाही. नाइझ्ना भागात इतकी तोड झाली की १९३९ साली सरकारने तिथल्या लाकूडतोड्यांना वर्षासन देऊन घरी बसवले. आता ही झाडे संरक्षित आहेत. म्हणून जुने घर पाडले की त्याच्या पिवळ्या तुळया हातोहात खपतात आणि त्यांची नवी टेबले होतात. विद्यार्थी विचारतो, “सर, तुमच्यासाठी एखादी खुर्ची पाहू का?” किंमत वाचून आमची सौभाग्यवती म्हणाली, “बाज आहे ती पुरे.”