रीलमधून कापलेला लखपती

चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’चा (१९३१) शेवटचा सीन ‘किती गोड’ म्हणत फिरवणाऱ्यांनो, त्यातला दारुडा लखपती कुठे गेला?

अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, १९२० ते १९३३. बंदी दारू बनवण्यावर, विकण्यावर, वाहून नेण्यावर. घरात बसून पिण्यावर नव्हे. ज्यांनी आधीच तळघरं भरून ठेवली, त्यांना कायद्याची झळ कसली? चॅप्लिनचा लखपतीही बिनधास्त पितो. चढली की भटक्याला मिठी मारतो, आंधळ्या फूलवालीच्या डोळ्यांसाठी हजार डॉलर देतो. उतरली की त्याला ओळखतसुद्धा नाही. आणि तुरुंगात कोण जातं? भटक्या, न केलेल्या चोरीसाठी!

नशेत माणूस, शुद्धीत मालक: ही खरी चपराक आहे. शेवटच्या सीनमधले ते फाटके कपडे थेट तुरुंगातून आलेत. ते कसे फाटले हे न बघता नुसते डोळे पुसणं म्हणजे त्या लखपतीसारखंच वागणं. तेवढ्यापुरता गहिवर, नंतर ओळख नाही.

बोलपटाच्या जमान्यात चॅप्लिनने हा सिनेमा हट्टाने मूक ठेवला. रील कापून आपण त्याला पुन्हा मुका करतोय. पूर्ण बघा. दीड तासही लागत नाही.